मुलीचा अर्ज, मुलीच्या हाती

(मालवण येथे अकरावी-बारावी विज्ञान शाखेतल्या मुली आणि त्यांच्या आया यांच्यासमोर केलेले भाषण)



मुलीला डॉक्टर व्हायचं असलं की आपण म्हणतो, ‘हुशार आहे, मार्क मिळवील, की झालं.’ माझा अनुभव वेगळा आहे. मुलीचा प्रवेश परीक्षेत जातो तसा तो घरातही जातो आणि तहसीलदार कचेरीतही जातो. परीक्षेबद्दल सांगायला तुमचे शिक्षक आहेत. उरलेल्या दोन ठिकाणांबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून आज मी त्यावर बोलणार आहे.

सुरुवात आनंदीबाई जोशींपासून करू. त्यांचा फोटो आपण शाळेत लावतो, पण त्यांनी अर्ज कसा केला हे फारसं सांगत नाही. 1883 साली, वयाच्या अठराव्या वर्षी, अमेरिकेत पोचल्यावर त्यांनी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला स्वतः पत्र लिहिलं. आपलं वय, आपण विवाहित आहोत हे, येत असलेल्या भाषा, झालेला अभ्यास, सारं त्यात मांडलं. आपली तयारी महाविद्यालयाच्या अटींना पुरी पडत नाही हेही लपवलं नाही. आणि आपल्याला डॉक्टर का व्हायचं ते सांगितलं: पुरुष डॉक्टरकडे जाण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या इकडच्या बायकांसाठी. प्रवेश मिळाला आणि 1886 च्या मार्चमध्ये त्या पदवीधर झाल्या.

आज असं पत्र कुणी मागत नाही. तुमच्या मनात काय आहे हे विचारणारा रकाना फॉर्ममध्ये नाही. आज तुमच्यासाठी दोनच गोष्टी बोलतात, नीटचे गुण आणि कागद.

गुणांबद्दल थोडक्यात. 2025 च्या नीटमध्ये 180 मिनिटांत 180 प्रश्न होते आणि गुण 720. त्यातले निम्मे, म्हणजे 360 गुण, जीवशास्त्राचे. बरोबर उत्तराला चार, चुकलं तर एक वजा. आपल्या मुली जीवशास्त्र पाठ करतात आणि भौतिकशास्त्राला घाबरतात. ती भीती अकरावीतच घालवायला हवी, बारावीच्या दिवाळीनंतर वेळ उरत नाही. एनसीईआरटीची पुस्तकं ओळन् ओळ वाचा. आणि घड्याळ लावून जुन्या प्रश्नपत्रिका सोडवा.

पण घड्याळ लावून तीन तास बसायला मिळतं कुणाला? मी घराघरांत जाते तेव्हा पाहते. भाऊ नीटला बसणार असला तर त्याला कोल्हापूरला नाहीतर लातूरला ठेवतात. पहिल्या खेपेला जमलं नाही तर ‘आणखी एक वर्ष दे त्याला’ म्हणतात. बहिणीला क्लास तर नाहीच, वर पाणी भरणं, मासळी साफ करणं, आजीचं औषधपाणी. आणि पहिल्या खेपेला गुण कमी पडले की ‘बीएस्सीला घाल.’ दुसरी खेप ही मुलाचा हक्क आणि मुलीची चैन, असं आपणच ठरवून टाकलेलं आहे. शेजारी विचारतात, ‘चेडवाक इतक्या शिकवन काय करतलास?’ त्याला उत्तर देण्याआधी आपण स्वतःला विचारू या, की आपल्या घरात वर्षाचा हिशेब दोघांना सारखा लागतो का?

हिशेब साधा आहे. एमबीबीएसची साडेचार वर्षं, एक वर्ष इंटर्नशिप, आणि सरकारी महाविद्यालयातून शिकलं तर पुढे एक वर्षाची सेवा. अठराव्या वर्षी सुरुवात केली तर मुलगी पंचवीस वर्षांची होते. ‘मग लग्नाचं काय?’ हा प्रश्न मध्येच, दुसऱ्या वर्षाला, उठवू नका. तो आधीच बोलून संपवा.

आता कागद. इथे मुलींचं सर्वांत जास्त नुकसान होतं, कारण आपले बहुतेक कागद बापाच्या वंशावळीने चालतात.

दोडामार्ग, सावंतवाडीकडच्या बायांनी पहिली गोष्ट नीट ऐकावी. राज्याच्या 85 टक्के कोट्यासाठी साधारण नियम असा, की महाराष्ट्राचा अधिवास हवा आणि दहावी-बारावी महाराष्ट्रातून झालेली हवी. बस सोयीची पडते म्हणून मुलीला अकरावीला गोव्यात घातलं, तर ती इकडच्या कोट्यातून बाहेर पडू शकते. तिकडच्या कोट्याला तिकडच्या वास्तव्याची अट. मग राहतो फक्त 15 टक्क्यांचा अखिल भारतीय कोटा. बांबोळीला आपण पेशंट घेऊन जातो, पण तिथली जागा म्हणजे आपली जागा नव्हे. हे अकरावीच्या प्रवेशाआधी कळायला हवं.

दुसरी गोष्ट, मागासवर्गीय मुलींचं जात प्रमाणपत्र आणि त्याची पडताळणी. ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो, अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा. आजोबा-पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, गाव नमुना 14 मधली जन्माची नोंद, असे कागद शोधावे लागतात. आपल्याकडे निम्मं घर मुंबईला. दाखला काकांच्या ट्रंकेत डोंबिवलीला, आणि काका गणपतीलाच येणार! म्हणून सांगते, हे काम दहावीच्या सुट्टीत सुरू करा. पडताळणीचा अर्ज अकरावीतच, महाविद्यालयामार्फत करा. बापाकडच्या रक्ताच्या नात्यातल्या कुणाकडे वैधता प्रमाणपत्र असेल तर त्याची प्रत मिळवा, तो फार मोठा पुरावा असतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2010 च्या निकालानेही ते मानलं आहे.

आणि ज्या बाईचं नवऱ्याशी पटत नाही, जी टाकलेली आहे, तिने काय करायचं? माझ्याकडे अशी एक आई आली होती. नवरा मुंबईला, दुसरा संसार थाटलेला. दाखला मागितला तर म्हणाला, ‘आधी केस मागे घे.’ मुलगी बारावीला. पोटगीचा हक्क सोड, मग मुलीला कागद देतो, असा तो सौदा होता. आम्ही मुलीच्या आत्याला भेटलो. ती म्हणाली, ‘भाऊ कसाही असो, भाची आमचीच ना?’ तिने आजोबांची शाळा कोणती ते सांगितलं. शाळेत अर्ज देऊन जनरल रजिस्टरचा उतारा काढला. तहसीलमधून जुन्या नोंदीची नक्कल काढली. केस मागे घेतली नाही आणि कागदही मिळाले. शाळेच्या आणि तहसीलच्या दप्तरातली नोंद ही नवऱ्याच्या खिशातली वस्तू नव्हे, हे त्या दिवशी ती आईही शिकली आणि मीही.

1 मे 2014 नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव लावण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारने 2024 मध्ये घेतला. चांगलं झालं. पण आज बारावीला असलेल्या मुली त्याआधी जन्मलेल्या. त्यांच्यासाठी आपल्यालाच पायपीट करावी लागणार. दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव, आधारवरचं नाव, जन्मदाखल्यावरचं नाव हे एकदा शेजारी ठेवून बघा. एका अक्षराचा फरक असला तरी आत्ताच दुरुस्त करून घ्या.

तिसरी गोष्ट, पैसा. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ झालं आहे. अट अशी, की प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून हवा. अभिमत विद्यापीठांना हे लागू नाही. वसतिगृह आणि मेसचा खर्च मात्र राहतो, तो आधी धरा. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअर वेळेत काढा. बँकेचं खातं मुलीच्या स्वतःच्या नावावर, आधारला जोडलेलं असू द्या.

चौथी गोष्ट, फॉर्म. सायबरवाला फॉर्म भरतो आणि मोबाईल नंबर स्वतःचा टाकतो. मग ओटीपी त्याच्याकडे, पासवर्ड त्याच्याकडे, आणि फेरीची तारीख निघून गेल्यावर आपल्याला कळतं. नंबर मुलीचा किंवा आईचा हवा. पासवर्ड वहीत लिहून ठेवा.

महाविद्यालयांची पसंती भरताना बाप म्हणतो, ‘ओरोस आणि रत्नागिरी एवढंच टाक, लांब नको.’ ओरोसचं सरकारी महाविद्यालय 2021 मध्ये सुरू झालं हे आपलं भाग्य, पण तिथे जागा शंभर आणि त्यांच्यावर हक्क साऱ्या राज्याचा. मुलीने नंदुरबार, गोंदिया लिहिलं नाही, तर तिच्याहून कमी गुणांचा मुलगा तिथे डॉक्टर होईल. सरकारी महाविद्यालयांत राज्याच्या कोट्यात मुलींसाठी 30 टक्के समांतर आरक्षण आहे. ‘लांब नको’ म्हणून ते आपण आपल्या हाताने सोडून देतो. पसंतीचा क्रम मात्र खरा लिहा. ज्या महाविद्यालयात जायला हवंसं वाटतं ते वर.

एवढं करूनही सगळ्यांना एमबीबीएस मिळणार नाही. खोटी आशा मी देणार नाही. याच नीटवर आयुर्वेद, होमिओपॅथीचे प्रवेश होतात, आणि आयुर्वेद महाविद्यालय आपल्या सावंतवाडीतही आहे. गुण कमी पडले म्हणजे मुलगी कमी पडली, असं घरात कुणी बोलू नये. पण कागद नव्हता म्हणून, तारीख चुकली म्हणून, ‘लांब नको’ म्हणून जागा गेली, तर तो दोष मुलीचा नव्हे. तो आपला.

आज घरी गेल्यावर एक काम करा. एक फाईल आणा, तिच्यावर मुलीचं नाव लिहा आणि ती तिच्या हातात द्या. सेतू केंद्रात तिला बरोबर न्या, खिडकीशी तिला बोलू द्या. अर्ज तिचा आहे, सही तिची होणार आहे. आनंदीबाईंनी आपला अर्ज स्वतः लिहिला होता. तेव्हा वाट दाखवायला पुढे कुणी नव्हतं. आज तुमच्या मुलींसाठी आपण इतक्याजणी आहोत. कागद अडला तर आमच्याकडे या, आपण मिळून कचेरीत जाऊ.