पानातील रंगांची उकल
(विज्ञान शिक्षकांपुढील व्याख्यानाचा मजकूर)

पालकाचे पान हिरवे दिसते, परंतु तो हिरवेपणा एकाच द्रव्याचा नव्हे. निळसर हिरवे हरितद्रव्य 'अ', पिवळसर हिरवे हरितद्रव्य 'ब', पिवळी झँथोफिले आणि नारिंगी कॅरोटीन अशी रंगद्रव्ये त्यात एकत्र नांदत असतात. ती न बिघडविता वेगळी कशी करावयाची, ही रसायनशास्त्रापुढील जुनी अडचण होती. आम्लाचा संपर्क झाला की हरितद्रव्यातील मॅग्नेशियम निघून जाते आणि रंग मळकट होतो. पालेभाजी फार वेळ शिजली म्हणजे तिचा रंग उतरतो, तो याच कारणाने.

मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने वॉर्सा येथे १९०३ साली यावर एक साधा उपाय मांडला. काचेच्या उभ्या नळीत कॅल्शियम कार्बोनेटची, म्हणजे खडूसारखी, बारीक पूड ठासावयाची, वरून पानांचा अर्क ओतावयाचा आणि मागोमाग शुद्ध विद्रावक सोडावयाचा. पुडीला अधिक चिकटणारे द्रव्य वर रेंगाळते. कमी चिकटणारे खाली वाहत जाते. नळीत रंगांचे स्वतंत्र पट्टे उमटतात. १९०६ मध्ये त्याने या पद्धतीस 'क्रोमॅटोग्राफी' हे नाव दिले. मराठीत तिला वर्णलेखन म्हणतात. रशियन भाषेत 'त्स्वेत' म्हणजेच रंग, हा एक गमतीचा योगायोग.

मान्यवर रसायनशास्त्रज्ञांनी मात्र शंका घेतली. पुडीच्या संपर्काने हरितद्रव्य बदलत असावे, असा त्यांचा आक्षेप होता. त्स्वेत १९१९ साली निवर्तला, तेव्हा त्याची पद्धत जवळजवळ विस्मृतीत गेली होती. १९३१ साली हायडेलबर्ग येथे कून व लेडरर यांनी तिचा पुन्हा अवलंब केला. पुढे नळीची जागा कागदानेही घेतली. १९५२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभाजन वर्णलेखनासाठी मार्टिन व सिंज यांना मिळाले.

हाच प्रयोग शाळेत सहज होतो. पालकाची पाने थोड्या ॲसिटोनमध्ये खलून अर्क गाळावा. गाळण कागदाच्या पट्टीवर तळापासून दोन सेंटिमीटरवर पेन्सिलीने रेघ ओढावी. शाईने ओढल्यास शाईचेच रंग पसरतात! रेघेवर अर्काचा बारीक ठिपका पुनःपुन्हा, दर वेळी वाळवून, द्यावा. नऊ भाग पेट्रोलियम ईथर व एक भाग ॲसिटोन असलेल्या झाकणाच्या बरणीत पट्टी उभी टांगावी. ठिपका द्रवात बुडता कामा नये. बहुतेक प्रयोग फसतात ते येथेच. जवळपास ज्योत नसावी, कारण दोन्ही द्रव चटकन पेट घेतात. कॅरोटीन सर्वांत वर जाते. त्याखाली झँथोफिले, मग हरितद्रव्य 'अ' आणि शेवटी 'ब'. द्रव १० सेंटिमीटर आणि रंग ४ सेंटिमीटर चढला, तर गुणोत्तर ०.४. कागद, द्रव व तापमान तेच असतील, तर त्या द्रव्याचे हे गुणोत्तर सहसा बदलत नाही आणि त्यावरून ते ओळखता येते.

हळदीच्या परीक्षणातही हेच तत्त्व उपयोगी पडते. हळदीतील कुर्क्युमिन आणि भेसळीचा मेटॅनिल यलो हा निषिद्ध रंग डोळ्यांना सारखेच पिवळे दिसतात. सिलिका जेलचा पातळ थर दिलेल्या काचपट्टीवर मात्र ते निरनिराळ्या उंचीवर थांबतात.