वालेन्सिया : गुरुवार, दुपारी बारा



पत्रिकेत विषय छापलाय ‘वालेन्सिया : वारसा, खाद्यसंस्कृती आणि उत्सव’. तिन्हींवर बोलेन. पण ज्याची हयात पाटबंधारे खात्यात गेली त्याला बोलावलंत, तर पाण्याचं ऐकून घ्यावं लागणार, हे संयोजकांना कळायला हवं होतं. (हशा)

स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावरचं हे शहर. आधी रोमन, मग अरब, मग १२३८ साली ते जिंकणारा आरागॉनचा राजा पहिला जाउमे. त्या इतिहासात शिरत नाही. मुद्दा एवढाच, की राज्य बदललं, मशिदीच्या जागी कॅथेड्रल उभं राहिलं, पण पाटांच्या पाणीवाटपाची जुनी वहिवाट जाउमेनं मोडली नाही. माझं ठाम मत आहे, की शहराचा वारसा त्याच्या पाणीवाटपात बघावा. इमारतीला पहारेकरी पुरतो. वहिवाट टिकवायची तर माणसांना पुन्हा पुन्हा एकत्र बसावं लागतं.

वालेन्सियात ती बसतात, पाण्याच्या न्यायसभेत. दर गुरुवारी, दुपारी बारा वाजता, कॅथेड्रलच्या ‘प्रेषितांच्या दारा’समोर. तुरिया नदीतून निघणारे आठ पाट, प्रत्येक पाटाचा शेतकऱ्यांनी निवडलेला एकेक प्रतिनिधी, म्हणजे सिंदिक. तो स्वतः शेती करणारा हवा. अंगात शेतकऱ्याचा काळा सैल डगला. बाराचे टोले पडले, की हातात पितळी टोकाची काठी घेतलेला शिपाई एकेका पाटाचं नाव पुकारतो : अमुक पाटावर कुणाविरुद्ध तक्रार आहे का? वकील नाही, लेखी जबान्या नाहीत, अपील नाही. सगळं तोंडी, तेही तिथल्या वालेन्सियन भाषेत. पाळी नसताना पाणी घेतलं, पाट साफ केला नाही, शेजाऱ्याच्या शेतात पाणी सोडलं, अशा तक्रारी. निकाल तिथल्या तिथे.

यातली खुबी ऐका. ज्या पाटाचं भांडण, त्याचा सिंदिक निकालात भाग घेत नाही. शिवाय भांडण उजव्या तीरावरचं असेल, तर निकाल सुचवायचा डाव्या तीरावाल्यांनी! (टाळ्या) टाळ्या मला नकोत, त्या वहिवाटीला द्या. २००९ साली युनेस्कोनं तिला मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून मान दिला.

पुढच्या रांगेतून प्रश्न आलाय, की हा पर्यटकांसाठीचा देखावा नाही का? नाही. बहुतेक गुरुवारी तक्रारच नसते, आठ नावं पुकारली की पाच-दहा मिनिटांत बैठक संपते, कॅमेरेवाल्यांची निराशा होते. पण चारचौघांत त्या दारासमोर उभं राहण्यापेक्षा भांडण बांधावर मिटवलेलं बरं, असं माणसाला वाटतं. न्यायसभेचं अर्धं काम तिथंच होतं.

पाणी वाटायची अशीच वहिवाट म्हणजे आपल्या धुळे-नाशिककडची फड पद्धत. पांझरा, मोसम या नद्यांवर बंधारे, लाभक्षेत्राचे फड पाडलेले, एका फडात सगळ्यांचं एकच पीक, पंच, पाटकरी, रात्री राखण करणारा जागल्या. मी नोकरीत असताना एका बैठकीत म्हणालो, की नव्या कालव्याचा आराखडा करण्याआधी पाटकऱ्याला विचारा. साहेब म्हणाले, पाटकऱ्याकडे डिग्री आहे का? (हशा) मी म्हटलं, नाही, पण कुणाच्या वावरात पाणी किती वेळात पोचतं ते त्याला तोंडपाठ आहे. तो मुद्दा इतिवृत्तात आला नाही. यावर मी तासभर बोलू शकतो…

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलंय. ठीक. खाणं.

पाएया, म्हणजे तिथला भाताचा पदार्थ. शहराच्या दक्षिणेला अल्बुफेरा हे सरोवर, भोवती भातखाचरं. म्हणजे पुन्हा पाणीच. अस्सल पाएयात कोंबडी, ससा, रुंद हिरव्या शेंगा, गार्रोफो नावाचा मोठा पांढरा वाल, टोमॅटो, केशर. कांदा घालाल तर तिथला माणूस वादाला उभा राहील. रुंद, उथळ कढईत तांदळाचा थर पातळ ठेवतात आणि एकदा पाणी घातलं की ढवळत नाहीत. तळाची खरपुडी म्हणजे ‘सोकर्रात’. तिच्यासाठी घरात भांडणं होतात, त्यांना मात्र न्यायसभा नाही. (हशा) आणि पाएया दुपारची. रात्री मागणारा परका, हे वाढप्याला लगेच कळतं.

उत्सव : फायास, १५ ते १९ मार्च. गल्लोगल्ली राजकारण्यांची टर उडवणारे प्रचंड पुतळे, आणि १९च्या रात्री सगळ्यांची होळी. लोकांच्या मतानं एखादा पुतळा वाचतो. तेवढं पुरे.

शेवटचं, आणि हे मी गाळणार नाही. १४ ऑक्टोबर १९५७ला तुरियाला महापूर आला. मग नदीच शहराच्या दक्षिणेकडून वळवली. जुन्या पात्रात आज बाग आहे, पर्यटक तिथं सायकली फिरवतात. २०२४च्या ऑक्टोबरात पुन्हा पूर आला. नव्या पात्रामुळे शहर बचावलं. पण दक्षिणेच्या पायपोर्तासारख्या गावांत दुसऱ्या ओढ्याचं पाणी घुसलं. त्या आपत्तीत दोनशेहून अधिक माणसं गेली. मी स्वतः इंजिनिअर आहे, काँक्रीटला नावं ठेवत नाही. पण पात्र आखताना त्या गावांनाही पंगतीत बसवायला हवं, एवढंच माझं म्हणणं.

अध्यक्ष उठलेच. तिकीट काढाल तेव्हा मुक्कामात एक गुरुवार येईल असं बघा. हॉटेल कुठलं ते मला विचारू नका.