आधी अंगणात, मग पाटीवर

गटाच्या बैठकीत एक तक्रार हमखास निघते, "अंगणवाडीत पोरं नुसती खेळतात, शिकवत काहीच नाहीत." मी स्वतः सेविका. तरीही माझी मुलगी चार वर्षांची असताना रोज संध्याकाळी मी तिला पाटीवर बसवायची, हात धरून 'ग' गिरवून घ्यायची. चुकली की ओरडायची. पुढं पुढं पाटी दिसली की ती चुलीमागं लपू लागली. चूक माझी होती. एवढ्याशा बोटांत पेन्सिल पेलायचं बळ अजून आलेलं नसतं. पाय मात्र दिवसभर पळायला तयार!

म्हणून सडा टाकलेल्या अंगणात काठीनं दोन हात लांबीचा 'ग' काढा. त्या रेघेवरून लेकराला चालू द्या. आधी डावी आकडी, मग उभा काना, शेवटी डोक्यावरची रेघ. आपला हात वळतो तसेच पाय वळू द्या. चालताना तोंडानं म्हणा : ग गवताचा, ग गव्हाचा.

दोन दिवसांनी शेजारी 'म' काढा. 'ग'ची खालची गाठ कान्याला जोडली की 'म' होतो. आपण 'गमभन' म्हणतो, त्यात सारखी दिसणारी अक्षरं अशी जवळ आलेली आहेत. आता डोंगर-पाणी खेळा. तुम्ही "मका" म्हणा, पोरं 'म'वर पळतील. "गवत" म्हणा, 'ग'वर उड्या! एखादं चुकलं तर बाद करू नका, हात धरून बरोबर घरात न्या. एका वेळी दोनच अक्षरं, दहा-पंधरा मिनिटं. कंटाळा दिसला की थांबा.

अक्षर ओळखीचं झालं की ताटात राख पसरून बोटानं काढू द्या. कणकेचे गोळे, शेंगा सोलणं यानं बोटं बळकट होतात. पाटी त्यानंतर.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढं ते कोसबाडच्या पाड्यांवर नेलं. पानं, बिया, खडे, शिंपले हीच त्यांची साधनं. आपल्या अंगणात यातलं काय नाही?

माझी मुलगी चुलीमागून बाहेर आली ती अशीच, उड्या मारत. उद्या सडा टाकून झाला की काठी हातात घ्या, आणि पहिली उडी तुम्हीच मारा.