चार खाटा आणि एक सपरी



देवरी किंवा सालेकसा तालुक्यातल्या घरात कुणाला कॅन्सर निघाला, की पहिली चिंता पैशाची आणि दुसरी राहण्याची. रेडिएशन, म्हणजे लोक ज्याला 'शेक' म्हणतात, ते बहुधा आठवड्यातून ५ दिवस आणि कित्येक आठवडे चालतं. रोजचं काम काही मिनिटांचं. त्यासाठी रुग्णालयात खाट मिळत नाही, आणि रोज गावाहून नागपूरला जाणं-येणं आजारी माणसाला झेपत नाही. मग राहायचं कुठे?

नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजींच्या नावाचं कॅन्सर रुग्णालय आहे. स्वतः तुकडोजी महाराज १९६८ साली याच रोगाने गेले. जामठ्यालाही मोठी संस्था उभी राहिली आहे. तरीही काहींना मुंबईला, टाटा रुग्णालयात जावं लागतं. ते विदर्भ एक्सप्रेसने दुसऱ्या दिवशी सकाळी दादरला उतरतात. तिथे गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा टाटाच्या रुग्णांना आसरा देते. धर्मशाळा म्हणा, मुसाफिरखाना म्हणा, अशा जागा नेहमी अपुऱ्या पडतात. मग इमारत वाढवायचं ठरतं, आणि पहिला हिशेब होतो खाटांचा.

हा हिशेब हवाच. पण तेवढ्यावर नकाशा संपू नये, एवढंच मला सांगायचं आहे.

स्कॉटलंडमधल्या मॅगी केझविक जेंक्स या बाईंना १९९३ साली कळलं, की कॅन्सर उलटला आहे आणि हाती थोडेच महिने आहेत. ते ऐकल्यावर त्यांना बसावं लागलं खिडकी नसलेल्या बोळात, कारण आत पुढच्या रुग्णाची पाळी होती. निदान रडायला तरी जागा असावी, या विचारातून त्यांनी एका केंद्राची आखणी केली. १९९५ साली त्या वारल्या. १९९६ साली एडिनबर्गच्या रुग्णालयाच्या आवारातल्या जुन्या तबेल्यात ते केंद्र सुरू झालं. रिचर्ड मर्फी या वास्तुविशारदाने तबेल्याचं रूप पालटलं आणि पुढे इमारत वाढवलीही त्यानेच. तिथे खाट नाही, औषधोपचार नाहीत. मध्यभागी आहे स्वयंपाकघरातलं मोठं टेबल. चहा घ्यायचा, बोलायचं किंवा गप्प बसायचं.

आपण त्याची नक्कल करू नये. केमोथेरपीनंतर फोडणीच्या वासानेही काहींना उलटी होते. म्हणून चूल खोल्यांपासून दूर, वाऱ्याचा अंदाज घेऊन असावी. विदर्भाच्या उन्हाळ्यात पश्चिमेची भिंत रात्रीही तापलेली असते. तिकडे खाटा नकोत, जिना किंवा सामानाची खोली चालेल. पायऱ्यांशेजारी उतार हवा. संडास जवळ हवा, त्यात धरायला दांडी हवी आणि दार बाहेर उघडणारं, म्हणजे आत कुणी पडलं तर दार अडणार नाही.

आणि हवी सपरी. आपल्या झाडीपट्टीत ओसरीला सपरी म्हणतात. देणगीदार विचारतील, तेवढ्या जागेत चार खाटा बसल्या असत्या, त्याचं काय? प्रश्न रास्त आहे. बाहेर रांगेत थांबलेल्याला खाटच हवी असते. पण खाटेवर माणूस भिंतीकडे तोंड करून पडतो. सपरीत बसला की शेजारचा त्याला सांगतो, महात्मा फुले योजनेसाठी कोणता कागद लागतो, तोंड आलं तर गिळायला काय सोपं जातं, कितव्या शेकानंतर थकवा येतो. गावात ज्या रोगाचं नावही हळू आवाजात घेतात, त्याच्याबद्दल इथे मोकळेपणी बोलता येतं. उपचार मध्येच सोडून घरी निघालेल्या माणसाला थांबवणारा शब्द अशाच ठिकाणी भेटतो.

म्हणून संस्थाचालकांना एक विनंती. नकाशा काढण्याआधी वास्तुविशारदाला जुन्या इमारतीत एक पूर्ण दिवस बसवा. रुग्ण कुठे थांबतात, त्यांचे नातेवाईक डबा कुठे उघडतात आणि बायका रडायला कुठे जातात, ते त्याला पाहू द्या. नवं बांधकाम कुठे करायचं, ते त्यावरून ठरवा.