मिकी हार्ट आणि ‘प्लॅनेट ड्रम’

सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘ग्रेटफुल डेड’ या रॉक बँडमध्ये मिकी हार्ट १९६७ साली आले. बिल क्रॉइट्समन तिथे आधीपासूनच ड्रम वाजवत होते. त्यामुळे एका मंचावर दोन ड्रमवादक असा थाट झाला. रॉकमध्ये ड्रमवादकाचे काम ठरलेले असते: चार मात्रांचा ठेका, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर ठळक ठोका, आणि गाणे दुसऱ्याचे.

त्याच सुमारास हार्ट यांना तबलावादक उस्ताद अल्लारखाँ भेटले. तबल्यात ताल गाण्यामागे उभा राहत नाही. आवर्तन फिरते, बोल गुंफले जातात, तिहाई समेवर येते आणि तीच रचना असते. हार्ट यांच्या बँडबाहेरच्या साऱ्या कामाचे बीज इथे आहे. १९७२ च्या ‘रोलिंग थंडर’ या त्यांच्या पहिल्या स्वतंत्र अल्बमवर अल्लारखाँ आणि त्यांचे चिरंजीव झाकिर हुसेन, दोघेही आहेत.

खरा प्रयोग १९७६ चा. झाकिर हुसेन कॅलिफोर्नियातील अली अकबर कॉलेजात शिकवत आणि विद्यार्थ्यांचा ताल वाद्य रिदम बँड चालवत. हार्ट त्यात मिसळले, त्याचा दिगा रिदम बँड झाला आणि ‘दिगा’ हा अल्बम निघाला. तबल्याशेजारी व्हायब्राफोन, मरिंबा, काँगा. ‘स्वीट सिक्स्टीन’, ‘मॅग्निफिसंट सेव्हन्स’ या नावांतच मात्रांचा हिशेब आहे. गंमत अशी, की यातल्याच ‘हॅपिनेस इज ड्रमिंग’ या रचनेला पुढे शब्द मिळाले आणि ती ‘फायर ऑन द माउंटन’ म्हणून ‘ग्रेटफुल डेड’चे गाणे झाली.

हार्ट यांच्या १९९१ च्या ‘प्लॅनेट ड्रम’ या अल्बममध्ये गिटार नाही, पियानो नाही, फक्त तालवाद्ये आणि वाद्यासारखा वापरलेला मानवी आवाज. विक्कू विनायकराम यांचा घटम, नायजेरियाचे बाबातुंडे ओलातुंजी आणि सिकिरू अडेपोजू, ब्राझीलचे आयर्टो मोरेरा, प्वेर्तो रिकोचे जिओव्हानी हिदाल्गो आणि अर्थातच झाकिर हुसेन. जागतिक संगीताच्या अल्बमसाठी ग्रॅमी पुरस्कार प्रथमच ठेवला गेला, तो यालाच मिळाला. हार्ट, हुसेन, अडेपोजू आणि हिदाल्गो यांच्या ‘ग्लोबल ड्रम प्रोजेक्ट’ला २००९ मध्ये पुन्हा ग्रॅमी मिळाले. याच चौघांचा ‘इन द ग्रूव्ह’ २०२२ साली आला.

यांतला ‘प्लॅनेट ड्रम’ सर्वांत गाजलेला. तबल्याच्या जाणत्या श्रोत्याने मात्र ‘दिगा’पासून सुरुवात करावी.