चार खाड्या, चार दिवस
(महोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



अशा प्रसंगीं आम्हीं कांहीं गंभीर व्याख्यान द्यावें अशी आपली अपेक्षा असेल. परंतु पास्काच्या सणानंतर येथील कांहीं मंडळींसह रेवदंड्याहून रत्नागिरीपर्यंत समुद्रकांठानें जो मोटारप्रवास आम्हीं केला, त्याचीच हकीकत आज सांगतों. महामार्गानें हा प्रवास एका दिवसांत उरकतो. आम्हांस चार दिवस लागले.

कुंडलिकेचा पूल ओलांडतांच कोर्लई लागतें. इ. स. १७४० मध्यें पोर्तुगीजांनीं चौल सोडलें. तरी येथील ख्रिस्ती कुटुंबांत पोर्तुगीजांपासून आलेली बोली अद्याप टिकून आहे. वेगानें जाणाऱ्यास येथें केवळ किल्ला दिसतो. थांबणाऱ्यास ती बोली ऐकूं येते.

पुढें राजपुरी, सावित्री, वाशिष्ठी व शास्त्री या चार खाड्यांपाशीं आमचा रस्ता संपला आणि गाडी फेरीबोटींत चढवावी लागली. बोट येईपर्यंत धक्क्यावर बसणें भाग. कोणी ओले काजूगर विकत होतें, कोणी जाळें विणीत होतें. बोलतां बोलतां ओळखी झाल्या. परंतु बागमांडल्याच्या धक्क्यावर एक माता तापानें फणफणलेलें मूल मांडीवर घेऊन त्याच बोटीची वाट पाहत होती. आमची विश्रांति ती तिची परवड होती! या किनाऱ्यावर पूल बांधण्याचे संकल्प आहेत. ते लवकर तडीस जावेत, असेंच आम्ही म्हणूं. आपल्या मौजेसाठीं दुसऱ्याची अडचण कायम राहावी, अशी इच्छा करणें आपणांस शोभत नाहीं.

मग सावकाशपणाचें मोल तें कोणतें? त्याचें उत्तर आम्हांस सावित्रीपलीकडे वेळास गांवीं मिळालें. पूर्वीं तेथील कासवांचीं अंडीं माणसें व कोल्हींकुत्रीं नेत. सुमारें २००२ पासून तीं कुंपणांत पुरून राखण्याचें कार्य तेथें चालू आहे. पन्नासएक दिवसांनीं पिल्लें बाहेर येतात. त्यांस वाळूवर सोडतात, परंतु उचलून पाण्यांत कोणी टाकीत नाहीं. तें अंतर त्यांनीं स्वतःच्या पायांनीं कापावयाचें. सर्व गांव मागें उभें राहून, वाट मोकळी ठेवून, पाहत असतें.

बंधूंनो, पूल होतील आणि व्हावेतच. रोग्यासाठीं रस्ता जलद असावा. परंतु ज्यास घाई नाहीं त्यानें पुलाअलीकडे गाडी उभी करून धक्क्यावर घटकाभर बसावें. आम्हीं पाहिलेला किनारा आम्हांस तेथेंच भेटला.