मुलगी इंजिनिअर झाली, पुढं काय?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात २८ फेब्रुवारी रोजी, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे नीटनेटके करून दिले आहे.)



सचिवसाहेबांनी विषय विचारला तेव्हा मी ‘ज्येष्ठ नागरिक आणि बँक व्यवहार’ असा सांगितला होता. ते म्हणाले, काका, मुदत ठेवीचे व्याजदर इथं सगळ्यांना तोंडपाठ आहेत, विज्ञान दिन आहे, दुसरं काहीतरी बोला. मी विज्ञानाचा माणूस नाही. बी.कॉम. झालो आणि बँकेत चिकटलो. पण एक विषय बरीच वर्षं मनात आहे, तो आज बोलून टाकतो.

२८ फेब्रुवारी १९२८ ला सर सी. व्ही. रामन यांनी प्रकाशाबद्दलचा आपला शोध लावला, म्हणून हा विज्ञान दिन. माणूस थोर होता, यात वाद नाही. पण १९३३ साली याच रामन साहेबांच्या दारात मुंबईची एक मराठी मुलगी उभी होती. नाव कमला भागवत. आपल्या दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण. मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पहिल्या क्रमांकानं पास झालेली. वडील आणि काका दोघंही बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले, त्यामुळं तिला वाटलं की आपणही तिथंच जायचं. रामन तेव्हा तिथले संचालक होते. त्यांनी अर्ज नाकारला. गुण कमी होते का? नाही. ती बाई होती, एवढंच कारण.

गांधीजींचे दिवस होते ते. कमलाबाई बंगळूरला गेल्या आणि म्हणाल्या, मी इथं सत्याग्रह करीन. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटी घालून. पहिलं वर्षभर नियमित विद्यार्थिनी म्हणून धरणार नाही. मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीसुद्धा काम करावं लागेल. आणि तिच्या असण्यानं तिथल्या मुलांचं लक्ष विचलित होता कामा नये. बघा, लक्ष मुलांचं विचलित होणार आणि अट मुलीवर!

वर्षभरानं रामन यांचं समाधान झालं आणि त्यानंतर त्या संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. कमलाबाई पुढं केंब्रिजला गेल्या. बटाट्यावर काम करता करता त्यांना वनस्पतींच्या पेशींत ‘सायटोक्रोम सी’ नावाचा पदार्थ सापडला. पेशी श्वसन करतात त्या कामात तो लागतो, इतकंच मला समजलं आहे. १९३९ मध्ये त्यांना केंब्रिजची पीएच.डी. मिळाली. विज्ञानात ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. पुढं लग्न होऊन त्या कमला सोहोनी झाल्या, मुंबईच्या विज्ञान संस्थेत शिकवू लागल्या आणि गरिबाच्या ताटातल्या कडधान्यांवर, नीरेवर त्यांनी संशोधन केलं. नीरेच्या कामाबद्दल त्यांना राष्ट्रपतींचं पारितोषिक मिळालं. तरी संचालकपद मिळायला त्यांना वर्षानुवर्षं वाट बघावी लागली. म्हातारपणीही त्यांनी रामन यांच्या वागण्याबद्दलची नाराजी लपवली नाही. मला हे आवडतं. आपल्याकडं ‘झालं गेलं विसरून जा’ असं बायकांनाच जास्त सांगतात.

रामन यांच्याच प्रयोगशाळेत पुढं अण्णा मणी नावाच्या केरळच्या बाईंनी काम केलं. हिरे आणि माणकांवर त्यांचे पाच शोधनिबंध निघाले. पण एम.एस्सी. नाही या कारणानं विद्यापीठानं त्यांना पीएच.डी. दिली नाही. त्याच बाई नंतर पुण्याच्या हवामान खात्यात आल्या. पावसाचं, वाऱ्याचं, उन्हाचं मोजमाप करणारी शंभराच्या आसपास उपकरणं देशातच तयार व्हावीत म्हणून त्यांनी त्यांचे नकाशे आणि मापं ठरवली. आपण शेतकऱ्यांची पोरं, पावसाचा अंदाज चुकला की हवामान खात्याला शिव्या घालतो. त्या खात्याच्या कामात एवढा वाटा एका बाईचा आहे, हे मला साठी उलटल्यावर कळलं.

आता इंजिनिअरिंगचं. शकुंतला भगत, माहेरच्या जोशी. मुंबईच्या व्हीजेटीआयमधून १९५३ साली सिव्हिल इंजिनिअर झाल्या. वडील पूल बांधणारे नामवंत इंजिनिअर. शकुंतलाबाई आयआयटी मुंबईत शिकवत होत्या. पुढं नवरा-बायकोंनी १९७० मध्ये क्वाड्रिकॉन नावाची कंपनी काढली. त्यांची कल्पना सोपी होती: पुलाचे लोखंडी भाग ठरावीक मापाचे करायचे, ट्रकमधून न्यायचे आणि जागेवर जोडायचे, म्हणजे लांबीप्रमाणं रुंदीप्रमाणं पूल होतो. लोखंड कमी लागतं, वेळही कमी लागतो. पण सरकारी खाती नवीन गोष्टीला हात लावायला तयार नव्हती. तेव्हा हिमाचलात स्पितीसारख्या दुर्गम जागी १९७२ मध्ये त्यांनी पहिला पूल उभा करून दाखवला. नंतर डोंगराळ भागांत असे कितीतरी पूल झाले. लेंडीला पूर आला की पलीकडच्या गावांचं काय होतं, हे आपण बघितलेलं आहे. पूल म्हणजे काय हे देगलूरकरांना सांगायला नको. पण पुलाचं नाव काढलं की आपल्या डोळ्यांपुढं डोक्यावर टोपी घातलेला पुरुषच येतो.

सुधा मूर्तींची गोष्ट बहुतेकांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. १९७४ मध्ये टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असं छापलं होतं. त्यांनी जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड टाकलं, मुलाखतीला बोलावणं आलं आणि नोकरी लागली. तेव्हा जाहिरातीत उघड छापायचे, एवढाच काय तो फरक. नंतर छापणं बंद झालं आणि तोंडी सुरू झालं.

हे मी छातीठोक सांगतो, कारण तोंडी विचारणाऱ्यांत मी स्वतः होतो.

२००१ मध्ये बँकांची नवी शैक्षणिक कर्ज योजना आली. चार लाखांपर्यंत तारण नको. त्यानंतर दोनेक वर्षांनी मी एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. बँकेचं नाव घेत नाही, कारण चूक बँकेची नव्हती, माझी होती. एक एस.टी. ड्रायव्हर मुलीला घेऊन केबिनमध्ये आले. मुलीला सरकारी कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सला नंबर लागला होता. कागदपत्रं सगळी व्यवस्थित पिशवीत. मी कागद चाळले आणि हसत हसत विचारलं, “लग्न झाल्यावर हप्ते कोण भरणार, जावई का?” वडीलही कसनुसे हसले. मुलगी हसली नाही. ती माझ्या टेबलावरच्या काचेखालच्या कॅलेंडरकडं बघत राहिली. मग मी त्यांना एक चांगला जामीनदार आणायला सांगितलं. योजनेत त्याची गरज नव्हती. ते परत आले नाहीत आणि प्रवेशाची तारीख निघून गेली. त्याच आठवड्यात एका व्यापाऱ्याच्या मुलाचं कर्ज मी चहा पाजून मंजूर केलं. तो प्रश्न त्याला विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. ते खातं पुढं थकीत झालं, हे ओघानं आलं म्हणून सांगतो. मुलीनं डी.एड. केलं, असं तिच्या गावच्या एका खातेदाराकडून कळलं. शिक्षिका होणं काही कमी नाही. पण तिनं ते निवडलं नव्हतं.

मी अर्ज नामंजूर केला नाही. रेकॉर्डला कुठं काही सापडणार नाही. तपासणीला आलेल्या साहेबांना माझी शाखा एकदम स्वच्छ दिसली.

आता परिस्थिती बदलली, असं लोक म्हणतात, आणि काही अंशी ते खरं आहे. आयआयटीत शंभरात आठ-नऊच मुली असायच्या. २०१८ पासून मुलींसाठी जादा जागा काढल्या आणि ते प्रमाण वीसकडं नेलं. चांद्रयान-२ च्या प्रकल्प संचालक एम. वनिता आणि मोहीम संचालक रितू करिधाल, दोघीही बायका. आपल्या सरकारनं २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ केली. म्हणजे माझ्यासारख्या शाखाधिकाऱ्याच्या तोंडाला लागायची निम्मी गरज संपली. बी.एस्सी.च्या वर्गात आज मुली निम्म्या किंवा जास्तच दिसतात. पण केंद्र सरकारच्याच आकड्यांप्रमाणं २०१८ मध्ये प्रत्यक्ष संशोधनात शंभरात सोळा-सतराच स्त्रिया होत्या. मग बाकीच्या गेल्या कुठं?

लांब कशाला जायचं, आपल्या तीन इमारतींतच बघू. पंचवीस वर्षांत इथल्या नऊ मुली इंजिनिअर झाल्या. मी बोटं मोजून काढलं आहे. पेढे प्रत्येकीचे खाल्ले. आज नोकरीत चौघी आहेत. एकीला पुण्यात रात्रपाळी होती, सासरी चाललं नाही. एकीनं बाळंतपणात दोन वर्षं घरी काढली, परत मुलाखतीला गेली तर ‘मध्ये गॅप आहे’ म्हणाले. एकीचा नवरा बदलीवर फिरतो. दोघींचं काय झालं ते मी विचारलं नाही, कारण आई-वडील समोर बसलेत. जावयाला बेंगळुरूला चांगली नोकरी लागली म्हणून मुलीनं नांदेडची सोडली, हे आपण कौतुकानं सांगतो. त्याच्या उलट झालेलं एकही उदाहरण मला आपल्या सोसायटीत सापडलं नाही. कुणाला माहीत असेल तर कार्यक्रम झाल्यावर सांगा, मला आनंद होईल.

सासर, कंपनी, सरकार हे आपल्या हातात नाही. एक गोष्ट मात्र आहे, त्यासाठीच एवढं बोललो. अकरावी-बारावीची, सीईटीची आपली पोरं गावातल्या अभ्यासिकेत रात्री अकरापर्यंत बसतात. मुली सातला घरी येतात. घरी टीव्ही असतो, पाहुणे असतात, आणि “जरा चहा टाक गं” असतं. कमलाबाईंना रात्री काम करायची अट घातली होती. आपण आपल्या मुलींना रात्री अभ्यासच करू देत नाही.

तळमजल्यावर ऑफिसशेजारची खोली आहे. तिथं सध्या गणपतीचा मंडप, तीन मोडक्या खुर्च्या आणि पाण्याची जुनी मोटार पडलेली आहे. ती रिकामी करून ट्यूबलाइट आणि सहा टेबलं टाकली तर रौप्यमहोत्सवाच्या शिल्लक रकमेत बसतं. मी हिशोब कोषाध्यक्षांना दिला आहे. सोसायटीतल्या मुलींसाठी ती रात्री दहापर्यंत उघडी ठेवावी, आणि शेजारच्या कॉलनीतली मुलगी आली तर तिलाही बसू द्यावं. राखणीला कोण बसणार, असं कुणीतरी विचारणार. मी बसतो. मला तसंही बारापर्यंत झोप येत नाही, आणि पेपर इथं वाचला काय, घरी वाचला काय, सारखंच. किल्ली सचिवसाहेबांकडं आहे. ती सोमवारपर्यंत माझ्याकडं द्यावी, एवढी विनंती करून थांबतो.